पार्ट-टाइम पगार तासाला किती पडतो? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

दुकानांची आणि छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं लिहिणं हा माझा धंदा. त्यामुळे महिन्याच्या सात तारखेच्या आसपास फोन वाजतोच. निम्मे फोन मालकांचे असतात, निम्मे त्यांच्याकडे काम करणाऱ्यांचे. सर्वांत जास्त गोंधळ पार्ट-टाइमवाल्यांच्या पगारात होतो, म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. पगाराचे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, त्या जागी आपले घालावेत.

महिन्याला ७,८०० रुपये मिळतात. रोज चार तास काम, रविवारी सुट्टी. तासाला किती पडले?

पंचाहत्तर रुपये.

पगाराला १२ ने गुणा, ५२ ने भागा, मग आठवड्याच्या तासांनी भागा. ७,८०० गुणिले १२ म्हणजे वर्षाचे ९३,६००. त्याला ५२ ने भागलं की आठवड्याचे १,८०० येतात. आठवड्याला सहा दिवस चार तास म्हणजे २४ तास. १,८०० भागिले २४, झाले ७५. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर याच क्रमाने बटणं दाबत गेलात की उत्तर येतं.

मी महिन्याचे चार आठवडे धरले, तर ८१ रुपये आले. एवढा फरक कसा?

कारण फेब्रुवारी सोडला तर कुठलाच महिना चार आठवड्यांत बसत नाही, आणि फेब्रुवारीही चार वर्षांतून एकदा बसत नाही. महिन्याला चार आठवडे धरले की वर्षाचे ४८ होतात. उरलेले चार आठवडे तुम्ही काम करताच, फक्त हिशेबात ते दिसत नाहीत. चार आठवडे म्हणजे तुमच्याच मापाने अख्खा महिना. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, आणि तो फुकट राबण्याचा. महिन्याला सरासरी ४.३३ आठवडे धरले तर उत्तर बरोबर येतं.

नवी नोकरी ठरवताना ही चूक फार महागात पडते. तासाला ८१ मिळतात असं समजून माणूस ७८ रुपयांची दुसरी, चांगली नोकरी सोडून देतो.

सगळे २६ ने भागतात. हे २६ आलं कुठून?

आठवड्याला सहा दिवस, वर्षाला ५२ आठवडे, म्हणजे ३१२ दिवस. त्याला १२ ने भागलं की बरोबर २६. ग्रॅच्युइटीचा हिशेब पंधरा भागिले सव्वीस असा होतो, तिथेही हेच २६ आहे.

पण २६ हा आकडा फक्त सहा दिवसांच्या आठवड्याचा आहे. पाच दिवस काम असेल तर महिन्याचे २१.६७ दिवस येतात, चार दिवस असेल तर १७.३३, तीन दिवस असेल तर १३. आठवड्यातून तीनच दिवस हिशेब लिहायला जाणाऱ्या एका मुलीचा खाडा २६ ने भागून कापलेला मी पाहिला आहे. त्यात तिचा फायदाच झाला. पण पुढे जादा दिवसाचे पैसेही त्याच मापाने मिळाले, म्हणजे निम्मेच, तेव्हा तिच्या लक्षात आलं.

आमचे मालक खाडा कापताना २६ ने भागतात आणि जादा काम देताना ३० ने. असं चालतं का?

चालत नाही, पण सर्रास चालवतात. सर्वांत जास्त पैसे जातात ते इथे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तेच ७,८०० घ्या. २६ ने भागले तर रोज ३०० चा, तास ७५ चा. ३० ने भागले तर रोज २६० चा, तास ६५ चा. समजा महिन्यात दोन खाडे झाले आणि सणाच्या गर्दीत दहा तास जादा काम झालं. सगळा हिशेब २६ ने केला तर ६०० कापायचे आणि ७५० द्यायचे, म्हणजे तुमच्या हातात १५० जास्त. सगळा ३० ने केला तर ५२० कापायचे, ६५० द्यायचे, हातात १३० जास्त. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत. पण कापताना २६ आणि देताना ३० केलं, की ६०० गेले आणि ६५० आले. हातात उरले ५०. रक्कम लहान दिसते, पण दर महिन्याला हेच होत राहिलं तर वर्षाकाठी हजारावर जाते, आणि तीही चार तासांच्या नोकरीत.

कुठल्या आकड्याने भागायचं यावर वाद घालत बसू नका. जो आकडा कापायला, तोच द्यायला, एवढंच धरून ठेवा. हे वाक्य शेठजींनाही पटतं, कारण त्यांच्याच काट्यावर ते वेगळी वजनं ठेवत नसतात.

याच्याच पोटात आणखी एक भानगड असते. शनिवारी आणि सोमवारी खाडा झाला तर मधला रविवारही कापतात, ‘सँडविच’ म्हणून. रोज २६ ने भागून काढला असेल तर याला काही अर्थ नाही. तीनशेचे सव्वीस रोज म्हणजे ७,८००, तिथेच पगार संपला. रविवारच्या वाट्याला त्यात एक पैसाही नाही, मग कापायचं काय? ३० ने भागत असतील तर रविवारला किंमत आहे, तेव्हा निदान बोलणं तरी होऊ शकतं.

कामाची वेळ दहा ते दोन. पण साडेनऊ-पावणेदहालाच जावं लागतं आणि निघायला उशीर होतो. तो वेळ धरायचा का?

धरायचाच.

खडेबाजारातल्या कुठल्याही कापडदुकानात सकाळी जाऊन बघा. मुली येतात, शटर वर जातं, झाडलोट होते, काउंटर पुसतात, शेठ उदबत्ती ओवाळतात, रात्री विस्कटलेल्या घड्या पुन्हा लागतात. दहाला पहिलं गिऱ्हाईक आत येतं तेव्हा वीस मिनिटांचं काम झालेलं असतं. दोनला निघायचं, तर दुपारची बाई अजून आलेली नसते, चिठ्ठ्या जुळवायच्या असतात, कुणीतरी म्हणतं, “अगं एवढं गिऱ्हाईक बघून जा.” आणखी पंचवीस मिनिटं गेली. रोजचा पाऊण तास झाला.

महिन्याचे २६ दिवस पाऊण तास म्हणजे साडेएकोणीस तास. कागदावरचे १०४ तास प्रत्यक्षात जवळपास बाराशे मिनिटांनी वाढतात आणि १२३.५ होतात. ७,८०० भागिले १२३.५, उत्तर ६३ रुपये १६ पैसे. पंच्याहत्तरचा तास त्रेसष्टवर आला, आणि पगारपत्रकात एक अक्षरही बदललं नाही.

म्हणून दर काढण्याआधी दोन आठवडे वहीत पोचण्याची आणि निघण्याची खरी वेळ लिहा. ठरलेली वेळ लिहू नका. हे कुणाला दाखवायला नाही, आधी स्वतःला कळायला.

चार तास वीस मिनिटं कॅल्क्युलेटरवर ४.२० अशी लिहायची ना?

नाही. तासाची मिनिटं साठ, दशांशाचे भाग शंभर. वीस मिनिटं म्हणजे एक तृतीयांश तास, म्हणून ४.३३. पंधरा मिनिटं ०.२५, अर्धा तास ०.५०, पाऊण तास ०.७५, चाळीस मिनिटं ०.६७. मिनिटांना ६० ने भागलं की झालं. शिकलेसवरलेले लोकही ३.४० लिहून मोकळे होतात आणि महिन्याचे सात तास हरवून बसतात.

जेवणाची सुट्टी मोजायची का?

सुट्टीत तुम्ही खरोखर मोकळे असाल, बाहेर जाऊ शकत असाल, तर मोजू नका. डबा उघडून काउंटरमागेच बसायचं आणि गिऱ्हाईक आलं की उठायचं, ही सुट्टी नव्हे. ती मोजा. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यात सलग पाच तास कामानंतर किमान एक तास विश्रांती द्यायची आहे. चार तासवाल्यांना हे लागू होत नाही, पण सहा-सात तास थांबणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चहाची दहा मिनिटं कुणीच कापत नाही, तुम्हीही कापू नका.

टिळकवाडीत दवाखान्यात आहे. सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ८. पगार ९,३६०. मधले चार तास कशात धरायचे?

पगाराच्या हिशेबात ते येत नाहीत. रोजचे सहा तास, आठवड्याचे ३६, महिन्याचे १५६, म्हणजे तासाला ६० रुपये. डॉक्टरांशी बोलताना हाच आकडा.

पण नोकरी घ्यावी की नाही हे ठरवायचं असेल तर दुसरा हिशेब करा. येळ्ळूरहून येणाऱ्या बाईला एका फेरीला अर्धा तास लागत असेल, तर दोन पाळ्यांच्या चार फेऱ्यांत दोन तास गेले. सहाचे आठ झाले, साठचे ४५ झाले. दुपारी घरी न जाता दवाखान्यातच बसून राहिली तर याहून वाईट. उलट, घर चार गल्ल्यांवर असेल तर याच नोकरीत दुपारचा स्वयंपाक, मुलांची शाळा, सगळं बसतं. म्हणून शेजारणीला परवडली ती नोकरी तुम्हालाही परवडेल असं नाही.

बसभाड्याचं म्हणाल, तर जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या महिलांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. तेवढा खर्च पुरुषांच्याच हिशेबात राहिला. वेळ मात्र दोघांचाही जातो.

जाहिरातीत ‘फुल टाइम १५,६००, हाफ डे चालेल’ असं होतं. मला आठवड्याला २० तास जमतात. किती मागू?

आधी विचारा, फुल टाइम म्हणजे किती तास. ४८ असतील तर १५,६०० गुणिले २० भागिले ४८, म्हणजे ६,५००. पडताळा असा: १५,६०० चा तास ७५ चा येतो, ६,५०० चाही ७५ चाच येतो. जुळलं.

‘हाफ डे म्हणजे हाफ पगार’ हे ऐकायला सरळ वाटतं, पण दोन्ही बाजूंनी फसवं आहे. दहा ते तीन थांबवून घेतात आणि निम्मा पगार देतात, तेव्हा आठवड्याचे ३० तास होतात आणि हक्काचा पगार ९,७५० असतो, ७,८०० नव्हे. दिवसाचं निम्मं धरू नका, तासांचं प्रमाण धरा.

मेडिकलमध्ये दर आठवड्याला वेगळी ड्युटी असते. कुठला आठवडा धरू?

एकही नको. निदान चार आठवड्यांची सरासरी घ्या. २०, २८, २०, ३२ असे तास झाले असतील तर बेरीज १००, सरासरी २५. पगार ६,५०० असेल तर आठवड्याचे १,५००, तासाचे ६०. दिवाळी किंवा गणपतीचा आठवडा सरासरीत धरू नका, तो वेगळा मोजा.

पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापून हातात ६,८०५ च येतात. तासाचा दर कुठल्या पगारावर काढायचा?

दोन्हीवर, पण दोन वेगळ्या कामांसाठी. दोन नोकऱ्यांची तुलना करायची किंवा किमान वेतनाशी ताडून बघायचं, तर कपातीआधीचा पगार घ्या. घर चालवायचं आहे, तर हातात पडतो तो.

७,८०० वर ईएसआयचे पाऊण टक्के म्हणजे ५९ रुपये, पीएफचे १२ टक्के म्हणजे ९३६. उरले ६,८०५. तासाला ६५ रुपये ४३ पैसे. पण पीएफ म्हणजे तुमचेच पैसे आहेत, वर मालकाचाही वाटा पडतो, आणि ईएसआयमध्ये मालक सव्वातीन टक्के भरतो. “कापाकापी नको, सगळे रोख द्या” म्हणणारे पार्ट-टाइमवाले पुष्कळ भेटतात. त्यांना मी एकच विचारतो, घरात कुणी आजारी पडलं तर दवाखान्याचं बिल कोण देणार? पार्ट-टाइम आहे म्हणून ईएसआय लागू नाही असं मालक म्हणत असतील तर ते खरं नाही. तिथे दहा माणसं कामाला आहेत का आणि पगार मर्यादेत आहे का, हे बघतात. तास किती हे बघत नाहीत.

पगारी सुट्ट्या मिळतात. त्याने दर वाढतो का?

वाढतो, आणि चांगला वाढतो. कर्नाटकात कारखाने आणि दुकानांना लागू असलेल्या १९६३ च्या कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या पाच पगारी सुट्ट्या ठरलेल्या आहेत, शिवाय सणांच्या पाच. १ नोव्हेंबरला आपल्या भागात कोण काय पाळतं ते ज्याचं त्याच्यापाशी, पण पगारी सुट्टी सगळ्यांना. त्याखेरीज वीस दिवस कामामागे एक दिवस रजा साठत जाते.

३१२ दिवसांतून दहा सुट्ट्या आणि पंधरा रजा वजा केल्या तर कामाचे दिवस २८७ राहतात. चार तासांप्रमाणे १,१४८ तास. वर्षाचे ९३,६०० त्याने भागले की तासाला ८१ रुपये ५३ पैसे. म्हणून कुणी “तासाला ८० रोख देतो, सुट्टी-बिट्टी काही नाही” म्हणाला, तर तो तुमच्या ७५ पेक्षा कमीच देतोय.

दिवाळीत चार तासांऐवजी दहा तास थांबवतात. डबल मिळतं का?

सगळ्या सहा तासांना नाही. डबल दर दिवसाच्या नऊ तासांनंतर किंवा आठवड्याच्या ४८ तासांनंतर लागतो. तुमच्या ठरलेल्या चार तासांपुढचे पाच तास साध्या दराने, म्हणजे ३७५ रुपये. दहावा तास डबल, १५०. त्या दिवशीचे जादा ५२५. ओव्हरटाइम धरूनही दिवसाला दहा तासांपलीकडे काम द्यायचं नाही, हेही १९६१ च्या दुकान कायद्यातच आहे.

प्रत्यक्षात गणपत गल्लीपासून निपाणीपर्यंत रिवाज असा, की दोनशे रुपये आणि एक ड्रेसपीस. ड्रेसपीस आनंदाने घ्यावा, पण तो बक्षीस म्हणून. मजुरीत धरू नये.

तीन घरी धुणीभांडी करते. पहिल्या घरी १,८०० मिळतात, दुसऱ्या घरी १,२००. दुसरं घर सोडू का?

घड्याळ लावून बघितल्याशिवाय सोडू नका. पहिल्या घरी रोजचा सव्वा तास जातो, महिन्याचे २८ दिवस, म्हणजे ३५ तास. ताशी ५१ रुपये ४३ पैसे. दुसऱ्या घरी चाळीस मिनिटांत काम उरकतं, म्हणजे महिन्याचे १८.६७ तास. ताशी ६४ रुपये २९ पैसे. सोडायचंच असेल तर पहिलं सोडा, नाहीतर तिथे पगार वाढवून घ्या. १,८०० चं घर मोठं वाटतं, कारण नोटा जास्त दिसतात.

घरकामाला २६ दिवस धरू नका, महिन्याला दोनच सुट्ट्या मिळत असतील तर २८ धरा. पाहुणे आले की वाढणारी भांडी, सणाआधीची पितळी भांडी, हे सगळं ‘ताई, एवढं घे गं’ मध्ये जातं. तेही दोन आठवड्यांच्या वहीत येऊ द्या. कर्नाटकाने २००४ सालीच घरकामाला किमान वेतनाच्या यादीत घेतलं आहे, हे पुष्कळ घरमालकिणींना ऐकूनही माहीत नसतं.

क्लासमध्ये शिकवतो. आठवड्याला १८ तास, पगार ९,०००. पण पेपर घरी तपासावे लागतात.

फक्त शिकवण्याचे तास धरले तर ११५ रुपये ३८ पैसे. घरी आठवड्याला चार तास पेपर तपासण्यात जात असतील तर २२ तास झाले, दर ९४ रुपये ४१ पैसे. तासिकेवर पैसे घेणाऱ्यांनी तासिका किती मिनिटांची हेही बघावं. ४५ मिनिटांच्या तासिकेला १५० म्हणजे पूर्ण तासाला २०० होतात, तयारी वगळून. आणि शाळा दहाच महिने पगार देत असेल तर १२ ने गुणू नका, १० ने गुणा आणि शाळा जितके आठवडे भरते तितक्यानेच भागा. दर चांगला दिसेल, पण एप्रिल-मे मध्ये घरात काय येणार, त्याचं उत्तर दरात नसतं.

निपाणीत घरी बिड्या वळते. हजारावर पैसे मिळतात. माझा तासाचा दर कसा निघणार?

निघतो की. फक्त सुरुवात पानं भिजवण्यापासून करा, वळायला बसल्यापासून नव्हे. पानं भिजवणं, कात्रीने कापणं, तंबाखू भरून वळणं, दोरा बांधणं, तोंडं मिटणं, बंडलं करून कारखान्यात पोचवणं आणि तिथे रांगेत थांबणं, हे सगळे तास. पैसे मात्र छाट, म्हणजे नापास बिड्या, काढून उरलेल्या बिड्यांचेच धरा. समजा दर हजाराला ३०० आहे, तुम्ही दिवसात ७०० वळल्या आणि ३५ छाटात गेल्या. ६६५ बिड्यांचे १९९ रुपये ५० पैसे. सगळे मिळून सात तास लागले असतील तर तासाला साडेअठ्ठावीस. मुलगी संध्याकाळी तासभर दोरा बांधायला बसत असेल तर तोही तास धरा, मग दर २५ च्याही खाली येतो.

किमान वेतनाशी हे कसं ताडून बघायचं?

कर्नाटक सरकार प्रत्येक उद्योगासाठी वेगळा तक्ता काढतं. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता असे दोन रकाने असतात आणि भत्ता दर १ एप्रिलला बदलतो. दोन्हींची बेरीज घ्या. नुसतं मूळ वेतन बघून “आम्ही नियमाने देतो” म्हणणारे बरेच आहेत. शहर आणि तालुक्याची गावं यांचे दरही वेगळे असू शकतात, तेव्हा बेळगावचा तक्ता खानापूरला लावू नका.

दिवसाच्या दराला ८ ने भागा, कारण ४८ तासांचा आठवडा सहा दिवसांत वाटला की आठच येतात. केंद्राच्या वेतन नियमांच्या मसुद्यातही दिवसाचा दर भागिले आठ म्हणजे तासाचा, आणि गुणिले सव्वीस म्हणजे महिन्याचा, असंच धरलं आहे. समजा तुमच्या कामाचा दिवसाचा दर ५२० आहे, तर तासाचा ६५ झाला. वरच्या कापडदुकानातल्या मुलीचा कागदावरचा दर ७५, म्हणजे मालक नियमात. खरा दर ६३, म्हणजे नियमाबाहेर. फरक फक्त त्या पाऊण तासाचा.

राहायला बेळगावला, कामाला शिनोळीच्या कारखान्यात. दर कर्नाटकाचा की महाराष्ट्राचा?

काम जिथे, दर तिथला. आधार कार्डावर बेळगाव असो की खानापूर, कारखाना चंदगड तालुक्यात असेल तर महाराष्ट्राचं किमान वेतन. निपाणीहून कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांनाही तेच, आणि गोव्यात कामाला जाणाऱ्यांना गोव्याचं. उलट चंदगडहून उद्यमबागेत येणाऱ्याला कर्नाटकाचं.

व्यवसाय कराचाही फरक पडतो. कर्नाटकात महिन्याला २५,००० च्या आत पगार असेल तर हा कर नाही. महाराष्ट्रात पुरुषांना ७,५०० च्या पुढे लागतो, ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिन्याला १७५ रुपये. महिलांना तिथेही २५,००० पर्यंत माफी आहे. म्हणजे पुरुषाने ९,००० चा पार्ट-टाइम उद्यमबागेत केला तर हातात जास्त, शिनोळीत केला तर १७५ ने कमी. महिन्याला १०४ तास धरले तर तासामागे सुमारे पावणेदोन रुपये.

बारा तारखेला रुजू झालो. पहिला पगार किती?

रविवार सोडून १७ दिवस भरले असतील तर १७ गुणिले ३००, म्हणजे ५,१००. मालक तीसने भागत असतील तर १२ ते ३० असे १९ दिवस धरून २६० प्रमाणे ४,९४०. पुढे खाडा कुठल्या पद्धतीने कापणार, ते याच दिवशी विचारून घ्या.

हिशेब केला, कमी मिळतंय हे कळलं. आता काय?

आधी वही घेऊन मालकाशीच बोला. सात-आठ तारखेला नको, त्या दिवशी त्यांच्याही डोक्यावर देणी असतात. “पगार वाढवा” म्हणण्यापेक्षा “दहा ते दोन ठरलं होतं, पण पावणेपाच तास होतात. एकतर वेळेवर सोडा, नाहीतर त्या पाऊण तासाचे द्या” असं म्हणा. पंच्याहत्तरच्या दराने साडेएकोणीस तासांचे महिन्याला १,४६२ रुपये ५० पैसे होतात. आकडा समोर आला की बरेच मालक वेळेवर सोडायला तयार होतात. तोही तुमचा फायदाच.

पगाराची चिठ्ठी मागून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यात चिठ्ठी देणं मालकाचं काम आहे आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे. नोकरी सोडली तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत. बोलून भागलं नाही तर कामगार खात्याकडे लेखी अर्ज करता येतो. जुन्या किमान वेतन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. तेव्हा गेल्या वर्षीची वही रद्दीत घालू नका.